पत्र्याचा जावई

इंग्रजी समजायला इंग्रजी यावं लागतं, हा गैरसमज माझ्या आत्याने नेऱ्यातून आणि आसपासच्या चार गावांतून कायमचा घालवला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आज ती पंच्याऐंशीच्या पुढे कुठेतरी आहे. नक्की कुठे ते तिने कुणाला कळू दिलेलं नाही, आणि शिरगणतीला आलेल्या बाईला तीन वेगवेगळी वयं सांगून "ह्यातलं आवडंल ते लिव्हा" असं तिने मोठ्या मनाने सांगितलं होतं. शाळा चौथीपर्यंत. पण लहानपणी धरणाकडे मावशीपाशी राहायला गेली असताना तिने एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तीन महिने दूध घातलं, आणि त्या तीन महिन्यांच्या शिदोरीवर तिचं पुढचं सगळं आयुष्य इंग्रजीत तरून गेलं. "इंग्रजीत शबूद तीनच," ती मला शिकवायची. "कम, गो आन् नो. बाकी समदा त्येंचा नुसता आवाज. त्यो त्वांडाकडं बघून वळखायचा."

तोंडाकडे बघून ओळखण्याची ही विद्या तिने कधी गंजू दिली नाही. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी ती अक्षरांच्या जाडीवरून लावायची: जाड अक्षरं म्हणजे जेवणाआधी, बारीक म्हणजे जेवणानंतर. खताच्या पोत्यावर काय लिहिलंय असं शेजाऱ्याने विचारलं, तर पोतं उलटसुलट करून "पावसात ठिऊ नगं म्हनतंय" असं सांगायची, आणि ते नेहमीच बरोबर निघायचं. अलीकडे हिंजवडीच्या कंपन्यांमुळे आमच्या माहेरी भाड्याच्या खोल्या निघाल्या. त्यातल्या एका खोलीत उत्तरेकडची एक मुलगी राहते. ती दिवसभर कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलते, आणि आत्या ओट्यावर बसून शेजारणींना त्याचं मराठी करून सांगते. मध्ये एकदा ती मुलगी सकाळपासून "सर्व्हर डाऊन, सर्व्हर डाऊन" करत कपाळाला हात लावून बसली. आत्याने निदान केलं: घरचं कुणीतरी आडवं झालंय. तुळस, आलं आणि गवती चहा घालून तांब्याभर काढा करून दिला. मुलगीही तो मुकाट्याने प्यायली. दुसऱ्या दिवशी आत्याने तिला गाठून विचारलं, "कैसा हाय अब उसका?" ती म्हणाली, "अप हो गया, आंटी." आत्या शेजारणींकडे वळली. "बगा, काढा हिनं घेतला, पर तितं त्यो उठून बसला."

पण या सगळ्या विद्येचा कळस गाठला गेला तो साठ वर्षांपूर्वी, चैत्रातल्या जत्रेत, सिनेमाच्या तंबूत, भर दुपारी.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि जगातलं सगळं आपल्याला समजतं अशी माझी खात्री होती. दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. अकलेचंही तसंच, अर्धी कायम सुटलेली. त्या वर्षी घरात एकच विषय होता, आणि तो माझ्यासमोर कुणी बोलत नसल्यामुळे मला संपूर्ण पाठ होता. आत्या दिवाळीला माहेरी आली होती ती परत गेलीच नव्हती. तिला कासारसाईला दिलेली. सासरी मार नव्हता, उपास नव्हता, सासूही बरी होती. तक्रार एकच होती आणि ती ऐकून मोठी माणसं हसायची. "नवरा बोलतच न्हाई," आत्या म्हणायची. "सकाळी उठला, गेला. संध्याकाळी आला, जेवला, निजला. दोन वर्सांत चार डाव बोललाय, त्यातलं दोन डाव म्हशीशी." माझे आजोबा, म्हणजे आबा, यावर म्हणायचे, "बोलत न्हाई हे काय गाऱ्हानं झालं? तुझ्या आईला इचार, मी बोलतो म्हनून ती काय सुखात हाय का?" शेवटी आबांनी ठरवून टाकलं: जत्रेला जावई येईल, आणि जत्रा झाली की आत्याने त्याच्याबरोबर निघायचं. जत्रेआधीच्या चार दिवसांत तिची लोखंडी पेटी तीन वेळा भरली गेली आणि तीनही वेळा सकाळी रिकामी सापडली.

जत्रेत तंबूचा सिनेमा येई. दुपारच्या खेळाला गर्दी बायकापोरांची, कारण त्या खेळाला चित्र फिकट दिसे म्हणून पुरुषांना त्यात राम वाटत नसे. तंबू जुना, खाकी, आणि त्याच्या कापडाला इतकी बारीक भोकं की आत बसलं म्हणजे डोक्यावर, पाठीवर, लुगड्यांवर उन्हाचे ठिपकेच ठिपके. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला आलेले थोडेफार पुरुष, मध्ये दोरीवर पासोडी. खेळ देवाचा म्हणून भोंग्यावर सांगितलेला. त्यामुळे बायका चपला बाहेर काढून आलेल्या, आणि आमच्या पुढे बसलेल्या एका म्हातारीने नारळ आणलेला. प्रत्यक्षात यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर गोरी माणसं इंग्रजीत बोलायला लागली. सिनेमाच्या रिळांच्या पेट्यांची कुठेतरी अदलाबदल झाली होती. देवाची पेटी कुठल्या गावाला गेली देव जाणे. आमच्याकडे आला तो आकाशातल्या दुसऱ्या एका जगावर यानात बसून जाणाऱ्या माणसांचा सिनेमा. हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, इंग्रजांचे देव असेच पाटलोण घालत असतील.

तंबूत गलका सुरू झाला. "हे काय लावलंय?" "आरं, देव कुटं हाय?" यंत्रवाला घामाघूम. एवढ्यात आत्या उठून उभी राहिली आणि तिने सगळ्या बायकांना हाताने बसवलं. "गप ऱ्हावा. मला समजतंय. मी सांगते."

आणि तिने सांगितलं. पडद्यावर एक चकचकीत उभं यान होतं, खाली जाळ, वर धूर. "ह्यो बंब," आत्या म्हणाली. "आंगुळीचा. पर मोठ्या घरातला हाय, समदं कुटुंब आत बसतंय." पांढऱ्या डगल्यातला एक म्हातारा होता. "ह्यो बाप." एक तरुण बाई हातात पेटी घेऊन बंबात चढली. आत्या त्या पेटीकडे बघून म्हणाली, "आन् ही त्येची लेक. हातात पेटी हाय म्हंजी सासरी चाललीया. बाप घालवाया निघालाय." सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. आता त्यांना गोष्ट कळली होती. जाळ भडकला, बंब जमिनीवरून उचलला गेला, आणि पुढच्या म्हातारीने हात जोडून तंबूच्या खांबावर नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे मागेपर्यंत आले. अंतराळात पहिल्यांदा जाताना खोबरं खात गेलेली माणसं पृथ्वीवर आम्हीच असू.

मग आला तो लोखंडी माणूस. चौकोनी डोकं, डोळ्यांच्या जागी काचा, छातीत एक दिवा, आणि चाल अशी की जणू धोतराला खळ जास्त झाली आहे. सगळे त्याच्याभोवती लगबग करतात, त्याची बटणं पुसतात, तो मात्र मख्ख. मी आत्याच्या पदराला ओढून विचारलं, "आत्या, ह्यो कोन?" आत्याने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. बसायला आसन दिलं तरी बसेना. खायला धरलं तरी खाईना. कुणाकडे बघून हसेना. "जावई," आत्या म्हणाली. "दुसरं कोन आसनार? पत्र्याचा जावई."

बायका इतक्या हसल्या की पासोडीच्या पलीकडून पुरुष विचारू लागले काय झालं म्हणून. मग कुणीतरी पासोडीच गुंडाळून टाकली. "आमास्नीबी ऐकू द्या की." तेव्हा मला दिसलं: पुढे आबा बसलेले, आणि पार मागे खांबाला टेकून, नवी टोपी घालून, हातात गोडीशेवेचा पुडा धरून, आत्याचा नवरा. म्हणजे माझा मामा; आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. तो केव्हाचा येऊन बसला होता कोण जाणे. आत्याने पाहिलं की नाही, मला कळलं नाही. एवढं खरं की तिचा आवाज चढला. "बगा, बोलतोय का? न्हाई. बायको एवढी बोलतीया, ह्येच्या छातीतला दिवा तेवडा लागतोय आन् इझतोय. आता त्यावरनं तिनं काय वळखायचं, भूक लागली का राग आला?" मामाच्या हातातला पुडा हळूहळू चुरगळत गेला. माझ्या नऊ वर्षांच्या हुशार डोक्यात त्यावरून एवढाच विचार आला की आतली शेव मोडली असेल.

बंब तिकडे पोचला. तिथली माणसं लांब डोक्याची, बिनकानाची. त्यांनी त्या बाईला मध्ये उभं करून तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. "दीर आन् जावा," आत्या म्हणाली. "कामाला कशी हाय ते बगत्यात." तंबूतल्या सगळ्या सुनांनी सुस्कारा टाकला. मग त्या माणसांनी बाईला एका गुहेत कोंडलं, बाप बाहेर ओरडू लागला, आणि एक भला मोठा दगडी दरवाजा वरून खाली यायला लागला. एवढ्यात तो लोखंडी माणूस धडधडत गेला आणि त्याने दरवाजा खांद्यावर पेलला. बाई त्याच्या काखेखालून निसटली, बंबाकडे पळाली, वळून त्याच्याकडे पाहू लागली. याच जागी पडदा पांढरा झाला आणि यंत्र फडफडत बंद पडलं.

"पुढची पेटी मागच्या मुक्कामाला राहिली," यंत्रवाला म्हणाला आणि तंबूच्या मागून पसार झाला.

सगळा तंबू आत्याकडे वळला. "पुढं काय? आगं सांग की, पुढं काय हुतंय?" आत्या उभी होती. अंगभर उन्हाचे ठिपके. समोर पडदा कोरा, तोंड बघून ओळखायला तिथे तोंडच नव्हतं. मी तिचं बोट धरलं होतं आणि ते गार पडलं होतं. मग ती म्हणाली, ती आबांकडे बघून, "पुढं बापानं इचारलं, पोरी, ऱ्हातीस का येतीस. पोरगी म्हनली, नो. मग बाप म्हनला, कम. आन् बंब फिरला, परत माहेरी आला."

"बरं केलं बापानं," नारळवाली म्हातारी म्हणाली. "लई बरं केलं," मागून कुणी म्हणालं, आणि मग सगळी बायकांची बाजू ते म्हणत राहिली. आबा टोपी काढून डोकं खाजवत बसले होते.

तेवढ्यात मागून एक आवाज आला. जाडाभरडा, न वापरलेला. "आन् जावयाचं काय झालं?"

कुणी ओळखला नाही तो आवाज. ज्या आवाजाची गिऱ्हाइकं आजवर दोनच, एक आत्या आणि दुसरी म्हैस, तो ओळखणार कोण? आत्याने मागे वळून बघितलं नाही. "त्यो दाराशी हुबा हाय," ती म्हणाली. "त्येला कुनी न्हेलं न्हाई, सोडलं बी न्हाई. बोलाया शिकला तर बंबात जागा हाय."

बाहेर आल्यावर मामाने तो पुडा माझ्या हातात दिला आणि कासारसाईची वाट धरली. मी शेव घरी पोचेपर्यंत संपवली. ती आत्यासाठी होती हे मला लग्न झाल्यावर, म्हणजे नवरा बाजारातून आल्यावर त्याच्या हाताकडे बघायची सवय लागल्यावर, समजलं. वाटेत आबा एकदाच बोलले. "बंब परत आला म्हनतीस?" आत्या म्हणाली, "व्हय." आबा बांधावरून दोन पावलं चालले. "मग ऱ्हाऊ दे."

माझ्या डोक्यावर त्या सिनेमाचा जो परिणाम झाला तो अक्षरशः डोक्यावर झाला. दुसऱ्याच दिवशी मी तेलाचा रिकामा डबा कापून घेतला आणि पत्र्याचा जावई व्हायला म्हणून डोक्यात घातला. तो निघेना. कान आडवे आले. सगळी आळी जमली, आणि शेवटी कल्हईवाल्याने कात्री लावून मला मोकळं केलं तेव्हा एक वेणीही मोकळी झाली. शाळेत गुरुजींनी तो सिनेमा मंगळावरचा होता असं सांगितलं आणि विचारलं, "मंगळ म्हणजे काय?" मी उभी राहून खणखणीत सांगितलं, "सासर." पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, पौडला दिली गेले, तीस वर्षं पोरांना ग्रह शिकवले, पण आकाश खाकी रंगाचं असतं आणि चांदण्या ही त्याची भोकं असतात, ही माझी मूळ समजूत अजूनही पुरती गेलेली नाही.

मामा पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी आला. ओट्यापाशी उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "आज ऊन हाय." आत्या तांदूळ निवडत होती. "ते मला दिसतंय. दुसरं बोला." दुसरं त्याने आणलंच नव्हतं. तो परत गेला. त्याच्या पुढच्या बाजाराला म्हणाला, "वाटेत एक साप दिसला." आत्याने मान वर केली. "मंग?" मामा गोंधळला. "मंग गेला." मी दाराआड तोंडात परकराचा बोळा कोंबून हसत होते. असे पाच-सहा बाजार गेले. दर वेळी एक वाक्य वाढे. वाटेत तो ती वाक्यं बांधाबांधाने मोठ्याने घोकत येई असं गुराख्यांनी सांगितलं. आणि एका बाजाराला म्हैस व्याल्याची गोष्ट त्याने सुरू केली, रेडकू आडवं आलं होतं ते कसं फिरवलं, म्हशीने कसं बघितलं, तो कसा रडला, हे सगळं तो उभ्या उभ्या सांगत राहिला, आणि आत्या उठून आत गेली, पाट घेऊन आली आणि म्हणाली, "बसून सांगा."

तो बसला तो कायमचा. आत्याची अट एकच, ती जाणार नाही, तो येईल. घरजावई म्हणजे काय लाजिरवाणी गोष्ट ते मी सांगायला नको. कासारसाईने तोंडं फिरवली, नेऱ्याने नाव ठेवलं आणि नावही कुठलं ठेवायचं ते आधीच ठरलेलं होतं. मरेपर्यंत तो पत्र्याचा जावई होता. परगावचे पाहुणेसुद्धा "पत्र्याचे जावई घरी हायेत का?" असं आदराने विचारायचे. त्यानेही ते मनावर घेतलं असावं, कारण पडवीवर पत्रे घालायचे ठरले तेव्हा त्याने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः ठोकले. एकेका खिळ्यासाठी तीन तीन भोकं पाडली. पावसात ती पडवी घरापेक्षा ओली असे, आणि मामा खाली बादल्या मांडत आत्याला भोकाभोकाची हकीकत सांगत असे. शिकवलं होतं ना तिने बोलायला. आता तो थांबत नव्हता.

मामा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून आत्याचं भाषांतर कमी झालं. टीव्हीवर गोरं माणूस आलं तरी ती नुसती बघते.

म्हणून गेल्या महिन्यात माझ्या नातीने माझ्याकडून ऐकलेल्या बंब, लोखंडी माणूस आणि दगडी दरवाजा एवढ्या खुणांवरून तो सिनेमा दोन मिनिटांत फोनवर शोधून काढला, तेव्हा मी घाबरले. त्यात न आलेली पेटी होती. शेवट होता. आत्याने आयुष्य ज्या शेवटावर उभं केलं तो तिने स्वतः रचलेला होता, आणि आता खरा येऊन बसला तर? मी नातीला म्हटलं, राहू दे. पण नातीने तोवर आत्याला फोन लावून सांगितलंही होतं, आणि आत्या म्हणाली होती, "आना. बघते काय हाय त्येंचं पुढं."

दुपारी आत्याच्या पडवीत टीव्ही लावला. चित्र केवढं स्वच्छ, आकाश काळंभोर. मला ते काही आवडलं नाही. नात उत्साहाने सांगू लागली, की तो म्हातारा बाप नाही, कप्तान आहे, आणि ती बाई शास्त्रज्ञ आहे. आत्या म्हणाली, "तू गप. तुला चुकीचं सांगितलंय कुनीतरी." लोखंडी माणूस आला. नात म्हणाली, "आत्याआजी, तो रोबो आहे." आत्याने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "नाव रोबो आसंल. हाय जावईच."

मग दरवाजा आला. त्याने खांद्यावर पेलला. बाई निसटली, पळाली, वळली. मी आत्याचं बोट धरलं. ते आताही गार होतं. यानाचं दार बंद झालं, जाळ झाला, यान उडालं, लहान लहान होत गेलं. खाली तांबड्या मातीवर तो एकटा उभा. छातीतला दिवा लागला, विझला, लागला. मग विझला आणि इंग्रजी अक्षरं वर सरकू लागली.

नातीने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"ह्येंचा ऱ्हायला तितंच," आत्या म्हणाली. तिने पदराने नाक पुसलं. "आपला आला हुता."

ऊन कलायला लागलं होतं. मामाने ठोकलेल्या पत्र्यातून, खिळ्याखिळ्याच्या तीन तीन भोकांतून, ते आत येत होतं, आणि तिच्या अंगभर, केसांवर, मांडीवरच्या हातांवर ठिपकेच ठिपके झाले होते. थोड्या वेळाने तिने नातीला खूण केली.

"परत लाव पैल्यापासनं. आन् त्यो आवाज बंद कर. मी सांगते."